'मूव्ही' म्हणजे आपला पिक्चरच



आज एका अगदी साध्या इंग्रजी शब्दाबद्दल लिहिणार आहे. शब्द आहे 'मूव्ही'. इतक्या सोप्या शब्दावर लेख कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जे घडलं, ते पाहून ठरवलं की हे लिहून काढायचंच. अमेरिकेत मुलांकडे येऊन राहिलेल्या आपल्यासारख्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा उपयोग होईल.

आमचे थोरले दीर इथे न्यू जर्सीत मुलाकडे राहतात. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. वय ८४. मुंबईत सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं इंग्रजीतून पत्रव्यवहार केलेला माणूस. ते वार्षिक तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेले. मेडिकेअरच्या या तपासणीत ब्लडप्रेशर, वजन यांच्याबरोबर स्मरणशक्तीचीही चौकशी होते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. नर्सबाई चांगल्या स्वभावाच्या होत्या. गप्पा मारता मारता त्यांनी विचारलं, रविवारी काय केलंत? दादांनी आपल्या इंग्रजीत सांगितलं, "आय सॉ अ पिक्चर इन द हॉल, अँड आय स्लेप्ट देअर ओन्ली."

आपल्याला याचा अर्थ लगेच कळतो. दादा पुतण्याबरोबर सिनेमाला गेले होते आणि थिएटरात त्यांना डुलकी लागली. पण अमेरिकेत 'पिक्चर' म्हणजे फोटो किंवा भिंतीवरचं चित्र, आणि 'हॉल' म्हणजे घरातला बोळ, खोल्यांच्या मधली जायची-यायची वाट. त्या बाईंना समजलं असं की हे आजोबा घरातल्या बोळात तसबीर बघत उभे राहिले आणि तिथेच झोपी गेले! संध्याकाळी सुनेला फोन आला. सासरे रात्री उठून फिरतात का? कुठेही झोपतात का? मागचं-पुढचं विसरतात का? सून घाबरली. मग सगळा उलगडा झाला, तिने समजावून सांगितलं आणि प्रकरण मिटलं.

घरातले सगळे हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी त्यानंतर बाहेर इंग्रजी बोलणंच सोडून दिलं. दुकानात, दवाखान्यात, शेजाऱ्यांशी, सगळीकडे नुसती मान हलवायची. मला म्हणाले, "माझं डोकं ठिकाणावर आहे, पण माझे शब्द जुने झाले. लोक मला वेडा समजणार असतील तर गप्प बसलेलं बरं."

मला ते फार लागलं. म्हणून मी या शब्दांच्या मागे लागले. नातवंडांना विचारलं, पुस्तकं चाळली. जे कळलं ते इथे सांगते.

शब्दाचा अर्थ

'मूव्ह' म्हणजे हलणे. 'मूव्हिंग पिक्चर' म्हणजे हलणारं चित्र. मराठीतला 'चलचित्र' हा शब्द अगदी त्याच अर्थाचा आहे. 'मूव्हिंग पिक्चर' हे नाव रोजच्या बोलण्यात लांबलचक पडायचं, म्हणून लोकांनी पुढचा तुकडा ठेवला आणि त्याला लाडाचं शेपूट जोडलं. सॅम्युएलचा आपण सॅमी करतो आणि बेंजामिनचा बेन्नी, तसंच 'मूव्हिंग पिक्चर'चं झालं 'मूव्ही'.

गंमत पाहा. त्याच 'मूव्हिंग पिक्चर'चा पुढचा अर्धा भाग अमेरिकेने उचलला आणि मागचा अर्धा आपण मुंबईत ठेवला. त्यांची झाली मूव्ही, आपला झाला पिक्चर. एकाच भाकरीचे दोन तुकडे. खरं सांगायचं तर आपला तुकडा जास्त खरा आहे. पडद्यावर काही हलत नसतं. एका सेकंदात 24 स्थिर चित्रं एकापाठोपाठ एक दाखवतात आणि आपल्या डोळ्यांना ती हलल्यासारखी वाटतात. म्हणजे मुळात तिथे पिक्चरच असतात!

बाकीचे शब्दही बघू. 'सिनेमा' हा फ्रेंचमधून आलेला, त्याच्या मुळाशी हालचाल या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. 'फिल्म' म्हणजे पातळ पापुद्रा. ज्या पट्टीवर चित्रं घेत, त्या पट्टीवरून ते नाव पडलं. आपल्या 'चित्रपट' शब्दात 'पट' म्हणजे कापड. इंग्रजांनी पट्टीचं नाव घेतलं, आपण पडद्याचं.

व्याकरणाची एक बारीक गोष्ट आहे. मराठीत 'पिक्चर पाहिला', 'सिनेमा पाहिला', पण 'मूव्ही पाहिली' आणि 'फिल्म पाहिली'. हे कुणी शिकवलं नाही, बोलता बोलता ठरलं.

हा शब्द आला कुठून

आम्ही राहतो त्या न्यू जर्सीतच या सगळ्याची सुरुवात झाली. थॉमस एडिसन यांची प्रयोगशाळा इथे वेस्ट ऑरेंजला होती. तिथे 1893 मध्ये त्यांनी चित्रीकरणासाठी काळ्या रंगाची एक खोली बांधली. पुढच्या वर्षी न्यू यॉर्कला ब्रॉडवेवर त्यांची यंत्रं लागली. पेटीच्या भोकाला डोळा लावायचा आणि एकेकट्याने हलतं चित्र बघायचं. पडद्यावरचा खेळ न्यू यॉर्कला 23 एप्रिल 1896 रोजी झाला. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, 7 जुलै 1896 ला, फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला. म्हणजे या बाबतीत मुंबई न्यू यॉर्कच्या फार मागे नव्हती.

पुढे 1905 च्या सुमारास अमेरिकेत गल्लोगल्ली छोटी सिनेमाघरं निघाली. तिकीट एक निकल, म्हणजे पाच सेंट, म्हणून त्यांना 'निकलोडियन' म्हणत. तिथे कोण जायचं? कामगार, पोरंटोरं आणि परदेशातून नुकतेच आलेले लोक. न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला पूर्व युरोपातून आलेले आपले यहुदी बांधव दाटीवाटीने राहत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण चित्र मुकं होतं, त्यामुळे अडत नव्हतं. ही सिनेमाघरं चालवणाऱ्यांतही यहुदी पुष्कळ होते. जर्मनीहून आलेले कार्ल लेमली, हंगेरीत जन्मलेले अडॉल्फ झुकर आणि विल्यम फॉक्स, पोलंडहून आलेलं वॉर्नर बंधूंचं कुटुंब, या सगळ्यांनी अशा छोट्या धंद्यापासून सुरुवात केली आणि पुढे मोठमोठ्या कंपन्या उभ्या केल्या.

'मूव्ही' हा शब्द त्याच काळातला, 1910 च्या आसपासचा. आणि तो रस्त्यावरचा, टपोरी शब्द समजला जायचा. धंद्यातल्या मोठ्या लोकांना तो आवडत नव्हता. त्यांना वाटायचं, यामुळे आपल्या कामाला प्रतिष्ठा राहत नाही. शिकागोच्या एस्साने कंपनीने 1910 मध्ये चांगलं नाव सुचवण्याची स्पर्धाच ठेवली आणि त्यात 'फोटोप्ले' हा शब्द निवडला गेला. त्या नावाचं मासिकही निघालं. पण लोक काही ऐकेनात, ते मूव्हीच म्हणत राहिले. हॉलिवूड गावातले जुने रहिवासी तर सिनेमात काम करणाऱ्या माणसांनाच 'मूव्हीज' म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे!

मी दादांना हे वाचून दाखवलं. म्हटलं, "बघा, ज्या शब्दाला तुम्ही इतके बिचकता, तो शंभर वर्षांपूर्वी गावंढळ समजला जायचा."

बोलपट आणि आपली माणसं

चित्र बोलू लागलं तेव्हा अमेरिकेत 'मूव्ही'च्या धर्तीवर 'टॉकी' हा शब्द रुळला. बोलणारी ती टॉकी. या बदलाची सुरुवात ज्या चित्रपटाने झाली तो आपल्याला जवळचा वाटेल. वॉर्नर बंधूंचा 'द जॅझ सिंगर' 6 ऑक्टोबर 1927 ला न्यू यॉर्कला पहिल्यांदा दाखवला. त्यातला नायक हज्जानचा मुलगा असतो. त्याला रंगमंचावर गायचं असतं, आणि वडिलांना वाटतं त्याने सिनेगॉगमध्ये गावं. शेवटी वडील मरणाच्या दारात असताना तो नाटकाचा पहिला खेळ सोडून कोल निद्रे म्हणायला येतो. हे काम करणारा ॲल जोल्सन खऱ्या आयुष्यातही हज्जानचाच मुलगा होता. आणि त्या वर्षीचा दारफाळणीचा सण, म्हणजे किप्पूर, नेमका 6 ऑक्टोबरलाच होता. पण वॉर्नर बंधूंना तो खेळ बघायला मिळाला नाही. ज्याने आवाजासाठी सगळ्यांत जास्त खटपट केली होती तो भाऊ, सॅम वॉर्नर, आदल्याच दिवशी वारला.

हिंदुस्थानचा पहिला बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो अर्देशर इराणी यांनी काढला. पण ती कथा जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरून घेतली होती, आणि हे जोसेफ डेव्हिड म्हणजे आपले पेणकर, हे नव्या पिढीतल्या किती जणांना माहीत आहे? पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी भाषा पडद्यावर बोलू लागली.

आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर तर कुणाला विसरता येणार नाहीत. 1954 च्या 'बूट पॉलिश'मधला त्यांचा जॉन चाचा पाहून रडला नाही असा माणूस विरळा. त्या कामाला फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं, पुढे पद्मश्रीही मिळाली. ते 1981 मध्ये कॅनडात, टोरोंटोला वारले. चौलचं नाव लावणारा माणूस शेवटी या खंडात विसावला.

आता 'टॉकी' या शब्दाचं काय झालं? अमेरिकेत सगळेच सिनेमे बोलायला लागल्यावर वेगळं सांगायची गरज उरली नाही आणि तो शब्द मागे पडला. आपल्याकडे मात्र तो इमारतीला चिकटला. आम्ही ठाण्याचे. शनिवारी शब्बाथ सुटला, हबदाला झाली की टेंभी नाक्यावरून चालत स्टेशनकडे अशोक टॉकीजला नऊचा खेळ गाठायचा, हा दादांच्या तरुणपणीचा नेम होता. आज इथे 'टॉकीज' म्हटलं तर नातवंडं तोंडाकडे बघतात. चूक त्यांची नाही, आपलीही नाही. तो शब्द त्यांच्या देशात कधीच निवृत्त झाला, आपल्याकडे नोकरीवर राहिला, इतकंच.

आपले शब्द आणि इथले शब्द

आता रोजच्या उपयोगाचं सांगते.

सिनेमाला जायचं असेल तर इथे म्हणतात, "गोइंग टू द मूव्हीज." एकच सिनेमा बघायचा असला तरी 'मूव्हीज' असं अनेकवचन येतं, त्याने गोंधळू नका. विशिष्ट सिनेमाबद्दल बोलताना 'मूव्ही'.

थिएटरात जाऊन पाहिला तर बहुधा 'सॉ अ मूव्ही' म्हणतात. घरी टीव्हीवर पाहिला तर 'वॉच्ड अ मूव्ही'. उलट झालं तरी कुणी हसत नाही.

'पिक्चर' म्हटलं की फोटो. मात्र हा शब्द इथून अगदी गेलेला नाही. ऑस्करमध्ये सर्वांत मोठं बक्षीस आजही 'बेस्ट पिक्चर' याच नावाने देतात, आणि ते देणाऱ्या संस्थेच्या नावातही 'मोशन पिक्चर' आहे. जुनी अमेरिकन माणसं 'पिक्चर शो' म्हणायची. तेव्हा आपला शब्द चुकीचा नाही, फक्त वयस्कर आहे.

'हॉल' म्हणू नका, 'थिएटर' म्हणा. किंवा 'मूव्ही थिएटर', म्हणजे नाटकाशी घोटाळा होणार नाही.

'शो' म्हटलं की इथे टीव्हीवरची मालिका असा अर्थ आधी घेतात. आपण ज्याला 'सीरियल' म्हणतो तोच हा 'शो'. "आय वॉच सीरियल" म्हटलं तर ऐकणाऱ्याला सकाळी दुधात घालून खायचं ते 'सीरियल' आठवतं. दोन्हींचा उच्चार अगदी एकसारखा!

'फिल्म' हा शब्दही चालतो, पण तो जरा गंभीर, अभ्यासू वाटतो. फिल्म फेस्टिव्हल म्हणतात, मूव्ही फेस्टिव्हल सहसा नाही. गप्पांत मूव्हीच बरी.

'मॅटिनी' हा मुळात फ्रेंच भाषेतला सकाळचा शब्द. मुंबईत सकाळी स्वस्तात जुने सिनेमे लागायचे ती आपली मॅटिनी. इथे मॅटिनी म्हणजे दुपारचा खेळ, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचं तिकीट संध्याकाळपेक्षा कमी असतं.

'ट्रेलर' म्हणजे येणाऱ्या सिनेमाची झलक. 'ट्रेल' म्हणजे मागून येणे. पूर्वी ही झलक सिनेमा संपल्यावर दाखवत, म्हणून ते नाव. आता ती आधी दाखवतात आणि पंधरा-वीस मिनिटं खाते. पोचायला थोडा उशीर झाला तर जीव टांगणीला लावू नका.

'इंटरव्हल' इथे नसते. हिंदी सिनेमात ती पाटी पडद्यावर येते, पण बहुतेक वेळा सिनेमा तसाच पुढे चालू राहतो. म्हणून आपल्या वयाच्या माणसांनी कडेची खुर्ची घ्यावी आणि आत शिरण्याआधीच बाथरूमला जाऊन यावं. तिला इथे 'रेस्टरूम' म्हणतात.

तिकिटाच्या खिडकीवर

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. आपल्याकडे एसटीत ज्येष्ठांना सवलत मिळते, रेल्वेतही 2020 पर्यंत मिळायची, तिला आपण 'कन्सेशन' म्हणतो. मी एका थिएटरात खिडकीवर ऐटीत विचारलं, "कन्सेशन?" त्या मुलाने हसून आत बोट दाखवलं. मी गेले तर तिथे पॉपकॉर्न आणि सरबताचं काउंटर! इथे खाण्यापिण्याच्या काउंटरला 'कन्सेशन स्टँड' म्हणतात. आपल्याला हवी असते ती सवलत म्हणजे 'सीनियर डिस्काउंट'. "वन सीनियर, प्लीज" एवढं म्हटलं तरी पुरतं. वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती विचारून घ्यावी.

नातवंडांना घेऊन जाताना तिकिटाजवळची अक्षरं बघावीत. 1968 पासून इथे सिनेमांना वर्ग लावतात. 'जी' म्हणजे सगळ्यांना चालेल. 'पीजी' म्हणजे आईवडिलांनी जरा लक्ष द्यावं. 'पीजी-13' म्हणजे तेराच्या खालच्या मुलांसाठी जास्त जपून. 'आर' असेल तर सतराच्या खालच्या मुलाला मोठ्या माणसाशिवाय आत सोडत नाहीत. 'एनसी-17' म्हणजे फक्त मोठ्यांसाठी.

आणि सर्वांत महत्त्वाचं. कमी ऐकू येतं म्हणून पुष्कळजण सिनेमाला जायचं सोडतात. तसं करू नका. अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली केलेल्या नियमामुळे 2018 पासून इथल्या थिएटरांना डिजिटल सिनेमासाठी कॅप्शनचं यंत्र ठेवावं लागतं, अर्थात त्या सिनेमाला कॅप्शन बनवलेले असतील तर. पेल्याच्या खाचेत बसवायचा छोटा पडदा किंवा चष्मा असतो, त्यात संवाद लिहून येतात. त्याचे जास्त पैसे घेत नाहीत. खिडकीवर "क्लोज्ड कॅप्शन डिव्हाइस" मागायचं. अमेरिकन उच्चार कानाला न उमजणाऱ्या आपल्यासारख्यांनाही ते वाचायला बरं पडतं.

दादांचं पुढे काय झालं

हे सगळं मी दादांना पंधरा दिवस थोडं थोडं सांगत होते. ते ऐकत, पण बोलत नसत. शेवटी त्यांच्या नातवाने एक युक्ती केली. तो म्हणाला, "आजोबा, मी तुमचे शब्द शिकतो, तुम्ही माझे शिका." त्याने वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे पिक्चर, हॉल, टॉकीज, इंटरव्हल, कन्सेशन, नऊचा खेळ. दुसरीकडे त्याचे शब्द. रोज रात्री जेवणानंतर दोघे एकमेकांची परीक्षा घ्यायचे. पोरगा आता 'नऊचा खेळ' असं झकास म्हणतो.

मागच्या महिन्यात दादा परत त्याच दवाखान्यात गेले. मी बरोबर होते. त्याच नर्सबाई होत्या, आणि या वेळी दादांनी आपणहून सांगितलं की रविवारी नातवाला घेऊन मूव्ही थिएटरला गेलो होतो. त्यांनी विचारलं, मूव्ही कशी होती? दादा म्हणाले, "पहिला अर्धा भाग चांगला होता. नंतर झोप लागली." त्या मोकळेपणी हसल्या, आणि या वेळी दादाही हसले.

माझं सांगणं एवढंच. शब्द बदलला म्हणून माणूस अडाणी ठरत नाही. पण समोरच्याला आपला शब्द कळला नाही तर गप्प बसू नका. दुसरा शब्द वापरा, हाताने दाखवा, हवं तर तिसऱ्यांदा सांगा. आपण गप्प बसलो की समोरचा स्वतःच काहीतरी अर्थ लावून घेतो, आणि तो आपल्या बाजूचा असेलच असं नाही. येत्या रविवारी नातवंडांना म्हणा, "लेट्स गो टू द मूव्हीज." आणि तिकीट काढताना सीनियर सांगायला विसरू नका.